बसालेलाचे हात : सेवेतल्या माणसाने चित्र काढत राहावे का?

अभ्यासपाठ

शास्त्रवाचन : निर्गम 31:1-17, निर्गम 35:30 ते 36:7, मार्क 14:3-9

मध्यवर्ती विचार : हाताचे कौशल्य हेही देवाचे दान आहे. दान जपायचे तर त्याचा सराव चालू ठेवावा लागतो, आणि त्या सरावातून शेजाऱ्याकडे नीट पाहण्याची सवय लागते.



आपल्या मंडळ्यांमध्ये चित्र काढणारे पुष्कळ जण आहेत, पण ते आता काढत नाहीत. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. कोणाला 'ए' ग्रेडही मिळालेली असते. संडे स्कूलचे तक्ते आणि नाताळच्या गोठ्यामागचा पडदा वर्षानुवर्षे तेच रंगवतात. मग नोकरी, संसार आणि सेवाकार्य येते, रंगांच्या ट्यूब सुकून दगड होतात, आणि 'मी पूर्वी चित्र काढायचो' हे वाक्य भूतकाळात कायमचे राहते.

या पाठात आपण विचार करणार आहोत तो याच गोष्टीचा. प्रश्न चित्रकाराचा असला तरी गाणाऱ्याला, विणकाम करणाऱ्याला, लिहिणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

1. आक्षेप खरा आहे

आधी आक्षेप प्रामाणिकपणे मांडू या. मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. त्यातले कातकरी बांधव शासनाच्या नोंदीत विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून आहेत. कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाचे नाव रेशनकार्डावर नाही, कोणाचे घर ज्या जमिनीवर आहे ती जमीन त्याची नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात, आणि मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच तुटते.

असे असताना कार्यकर्त्याने संध्याकाळी चित्रवही उघडून बसावे काय? त्या वेळात एखादा अर्ज भरून झाला असता. रंगांच्या पैशांत मुलाच्या वह्या आल्या असत्या. हा प्रश्न विचारणारा माणूस कलेचा शत्रू नसतो. त्याला वाडीची काळजी असते. म्हणून त्याला शास्त्रातूनच उत्तर दिले पाहिजे.

2. विटा करणाऱ्या लोकांतला कारागीर

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला एका माणसाचे नाव सांगतो. तो यहूदा वंशातला, हूरचा नातू, उरीचा मुलगा बसालेल. परमेश्वराने त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे. कशासाठी? संदेश देण्यासाठी नाही, युद्ध करण्यासाठीही नाही. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर कलाकुसर करण्यासाठी. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब दिलेला आहे. दोघेही याजक नाहीत, संदेष्टे नाहीत. हाताने काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या कामाला देवाने आपल्या आत्म्याचे काम म्हटले आहे.

आता हे लोक कोण होते ते आठवा. त्याच पुस्तकाच्या पहिल्या आणि पाचव्या अध्यायात ते मिसर देशात चिखल तुडवून विटा पाडत होते. विटांची संख्या ठरलेली होती आणि ती भरली नाही तर मार बसत होता. म्हणजे ज्या पिढीचे हात मोजून विटा पाडण्यात झिजले, त्याच पिढीच्या हातांना देवाने निवासमंडपाची नक्षी दिली. गुलामाला सुटका हवी, भाकरी हवी, नियमशास्त्र हवे, हे सर्व खरे. पण देव तिथेच थांबला नाही. वीटभट्टीवरून सुटलेल्या माणसाला सुंदर वस्तू घडवण्याचा अधिकार आहे, असे त्याने ठरवले. आपण वीटभट्टीवरच्या कुटुंबांत काम करतो, म्हणून हा भाग आपण सावकाश वाचला पाहिजे.

या भागात आणखी चार गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, बसालेलाच्या नेमणुकीनंतर लगेच, त्याच अध्यायात, शब्बाथाची आज्ञा आहे. पवित्र मंडपाचे काम असले तरी सातव्या दिवशी हत्यारे खाली ठेवायची. सेवा करणाऱ्यालाही थांबावे लागते.

दुसरी, पुढच्याच बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू आहे. तेही कोरणीने घडवलेले आहे. सोने तेच, कौशल्य तेच, पण ते कशाकडे वळले यावर सर्व अवलंबून राहिले. कलेचा धोका खरा आहे, आणि त्यातले सर्वांत नेहमीचे वासरू म्हणजे आपण स्वतः, आपले नाव, आपली वाहवा.

तिसरी, पस्तिसाव्या अध्यायात म्हटले आहे की दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने बसालेलाच्या अंतःकरणात घातली. दान एका हातात अडकून राहण्यासाठी नाही.

चौथी, छत्तिसाव्या अध्यायात लोक इतके आणू लागले की पुरे म्हणून सांगावे लागले. साहित्याला मर्यादा असते. अधिक साहित्य म्हणजे अधिक चांगले काम, असे नाही.

3. तीन जीवने

लिलियस ट्रॉटर (1853-1928). लंडनच्या एका सुखवस्तू घरातल्या या मुलीची चित्रे 1876 साली व्हेनिसमध्ये जॉन रस्किन या नामवंत कलासमीक्षकाने पाहिली आणि तिला शिष्या म्हणून स्वीकारले. तिने संपूर्ण आयुष्य कलेला दिले तर ती फार मोठी चित्रकार होईल, असे त्याचे मत होते. तिने विचार केला, प्रार्थना केली, आणि लंडनच्या रस्त्यांवरच्या निराधार स्त्रियांमधले काम निवडले. 1888 साली ती उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियात गेली. तब्येतीच्या कारणाने मिशन संस्थेने तिला घेतले नव्हते, म्हणून ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि सुमारे चाळीस वर्षे, मरेपर्यंत तिथेच राहिली.

ही गोष्ट आपण बहुधा 'तिने कला सोडली' अशी सांगतो. ते अर्धेच सत्य आहे. तिने चित्रकार म्हणून मिळणारे नाव सोडले, चित्र काढणे सोडले नाही. तिच्या रोजनिशीच्या पानांवर वाळवंटातली रोपे, डोंगर, घरे, माणसे छोट्या जलरंगांत उतरत राहिली. एखादे सुकलेले बोंड किंवा पाकळी पाहून तिला आत्मिक सत्य सुचे, आणि तिच्या भक्तिपर पुस्तकांतली चित्रे तिचीच आहेत. कीर्तीचा त्याग आणि दानाचा त्याग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याकडून शिकावे.

अँजेलो दा फोन्सेका (1902-1967). गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला हा कॅथलिक चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परतल्यावर त्याने मरीयेला साडी नेसवली, तिला आपल्याकडच्या आईसारखी रंगवले. युरोपियन चेहऱ्याच्या मूर्तींची सवय असलेल्या अनेकांना ते रुचले नाही आणि गोव्यात टीका झाली. पुढे तो पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला. हा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922 साली स्थापन केला होता. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमात आसरा मिळाला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथे तो दशकानुदशके रंगवत राहिला. त्याच्या पुष्कळ चित्रांचा ठेवा आज गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे. लोकांनी लगेच स्वीकारले नाही म्हणून त्याने हात थांबवला असता, तर आज आपल्या मंडळीजवळ ती चित्रे नसती.

जिव्या सोमा म्हसे (मृत्यू 2018). डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे हे वारली चित्रकार. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. तो मातीत रेघा ओढून मनातले सांगू लागला. वारली समाजात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिण्याचे काम परंपरेने सवाष्ण स्त्रियांचे. ते चित्र प्रसंगापुरते असे. म्हसे मात्र लग्न असो वा नसो, रोज काढू लागले. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले आणि त्यांनी या हाताची ताकद ओळखली. 2011 साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी होती, पण त्यांच्या जीवनातून दोन गोष्टी आपल्याला घेता येतात. दुःखात वाचा गेलेल्या मुलाला रेघेने वाचा दिली. आणि जे प्रसंगापुरते होते ते रोजचे झाले, तेव्हाच त्याची वाढ झाली.

4. मावळात राहून सराव कसा करावा

आता व्यवहाराचे बोलू. पुढील सूचना नोकरी आणि सेवा करणाऱ्या माणसासाठी आहेत.

वेळ थोडा, पण ठरलेला ठेवा. रोज पंधरा मिनिटे पुरतात. सकाळच्या प्रार्थनेनंतर किंवा रात्री जेवणानंतर, पण वेळ एकच असावी. आठवड्यातून एकदा तीन तास बसू म्हणणाऱ्याचा तो दिवस बहुधा उगवत नाही. एक दिवस मात्र शब्बाथासारखा मोकळा ठेवा.

साहित्य कमी ठेवा. खिशात मावणारी चित्रवही, एक 4बी पेन्सिल, एक बॉलपेन. रंग हवे असतील तर जलरंगाच्या तीनच ट्यूब घ्या : अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. निळा आणि बर्न्ट सिएना मिसळला की पावसाळी ढगांचा करडा मिळतो. पिवळ्यात निळा मिसळला की मळकट हिरवा मिळतो, आणि सह्याद्रीचा उन्हाळ्यातला हिरवा तसाच असतो.

ऋतूप्रमाणे माध्यम बदला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत कागद हवेतले पाणी पितो, जलरंगाचा एक हात वाळायला तासन्‌तास लागतात, आणि वह्यांवर बुरशी चढते. अनेकांचा सराव जुलैत तुटतो तो याच कारणाने. म्हणून पावसाळ्यात कोरडे माध्यम घ्यावे : पेन्सिल, बॉलपेन, चुलीतला कोळसा. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. भाद्रपद-आश्विनात डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे होतात, तेव्हा रंग बाहेर काढावेत. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पाने झडलेली असल्याने फांद्यांची रचना दिसते, आणि झाड शिकण्यासाठी हाच काळ उत्तम.

एकच विषय पुन्हा पुन्हा काढा. घराजवळचे एक झाड वर्षभर, महिन्यातून चार वेळा काढा. किंवा लोहगडाचा विंचूकाटा, किंवा पवना धरणाच्या पाण्यामागचा तुंग. बाराव्या महिन्यात आपल्याला कळते की पहिल्या महिन्यात आपण झाड पाहिलेच नव्हते, 'झाड' हा शब्द काढला होता.

जुन्या कामापुढे बसा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. भाजे आणि बेडसे इथेही त्याच काळच्या आसपासचे कोरीव काम आहे. ती बौद्ध स्थाने आहेत, त्यांचा मान राखून तिथे बसावे. आतला अंधार आणि दारातून येणारा उजेड पेन्सिलीच्या तीन छटांत उतरवण्याइतका चांगला धडा क्वचित मिळेल. ज्यांनी हे कोरले, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. नावासाठी काम करू पाहणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे.

तारीख घाला, खोडू नका, फाडू नका. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढा. आणि पहिले वर्षभर वही फारशी कोणाला दाखवू नका. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयी गुप्ततेचा जो नियम सांगितला, तो सरावालाही मानवतो. मोबाइलवर टाकण्यासाठी काढलेले चित्र आणि पाहण्यासाठी काढलेले चित्र यांत फरक पडतोच.

5. वाडीवर वही उघडली की काय होते

फोटो काढायला क्षण पुरतो. चित्रासाठी बसावे लागते, विचारावे लागते, समोरच्याला थांबण्याची विनंती करावी लागते. आमच्या एका स्वयंसेविकेने एका वाडीवर मासे पकडायची बांबूची टोपली काढली. टोपली विणणाऱ्या आजी शेजारी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अशा तोंडातून मासा निघून जाईल, बाय," आणि त्यांनी टोपली हातात घेऊन तोंडाची वीण आतल्या बाजूला कशी वळते ते दाखवले. त्या तासाभरात आजी लाभार्थी नव्हत्या, गुरू होत्या. आमच्या कितीतरी सर्वेक्षणांच्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नसतो की तुम्हाला काय येते.

आपण देणगीदारांना जे फोटो पाठवतो त्यांचाही विचार यानिमित्ताने व्हावा. फाटक्या कपड्यांतल्या मुलाचा चेहरा त्याच्या आईला न विचारता छापण्याऐवजी, तिच्या संमतीने काढलेले तिच्या हातांचे किंवा तिच्या चुलीचे रेखाचित्र अधिक सांगते आणि तिचा मानही राखते.

मुलांच्या बाबतीत एक विनंती. आपण प्रेमाने रंगभरणाची पुस्तके पाठवता. त्यांत बर्फातले घर असते, सफरचंदाचे झाड असते, आणि मुलाला काम उरते ते फक्त रेघेच्या आत राहण्याचे. त्यापेक्षा कोरे कागद आणि पूर्ण लांबीचे खडू पाठवा. कोरा कागद मिळालेले मूल आधी बुजते. मग खेकडे येतात, नदी येते, भट्टीवरचा ट्रक येतो. भट्टीवरच्या विटांच्या थरांचे चित्र एखादे मूल इतके बारकाईने काढते की ते पाहून आपणच गप्प होतो. परमेश्वराने यहेज्केलाला विटेवरच यरुशलेमेचे चित्र काढायला सांगितले होते (यहेज्केल 4:1). ज्या विटेने मुलाची शाळा हिरावून घेतली, त्याच विटेविषयी त्याला काही सांगायचे असते. ते ऐकून घेणारा मोठा माणूस स्वतः चित्र काढत असेल तर मूल लवकर उघडते, कारण दोघे एकाच कामात असतात.

6. सुगंधी तेल आणि गरीब

मार्कच्या चौदाव्या अध्यायात एक स्त्री मौल्यवान तेल प्रभूच्या मस्तकावर ओतते आणि लोक कुरकुरतात की हा नाश कशाला, हे विकून गरिबांना देता आले असते. आपला पहिला आक्षेप अगदी हाच होता. प्रभू त्या स्त्रीची बाजू घेतो आणि गरीब तर नेहमीच जवळ आहेत असे सांगतो.

हे वचन पुष्कळदा गरिबांना टाळण्यासाठी वापरले जाते, म्हणून त्याचे मूळ पाहिले पाहिजे. प्रभूचे बोल अनुवाद 15:11 ची आठवण देतात, आणि तिथे पुढे आज्ञा आहे ती हात सैल सोडण्याची. म्हणजे गरीब नेहमी जवळ आहेत, म्हणून हातही नेहमी उघडा ठेवायचा. तेल ओतणारा हात आणि भाकरी देणारा हात एकच असावा, हा त्याचा अर्थ.

म्हणून सराव करणाऱ्याने स्वतःला तीन कसोट्या लावाव्यात. रंगांचा पैसा माझ्या खिशातला आहे की कामासाठी आलेल्या देणगीतला? चित्राची पंधरा मिनिटे माझ्या मोबाइलमधून काढलेली आहेत की वाडीवर दिलेल्या शब्दातून? आणि चित्र काढून उठल्यावर मला समोरचा माणूस अधिक स्पष्ट दिसतो की तो मला व्यत्यय वाटतो? पहिल्या दोन कसोट्यांना दहा मिनिटे लागतात, तिसरीला आयुष्य लागते.

ज्यांचे हात दिवसभर इतरांच्या दुःखात असतात, त्यांचे डोळे हळूहळू बोथट होतात. वाडीतले दहावे कुपोषित बाळ मग फक्त आकडा होते. या क्षेत्रातले अनेक चांगले कार्यकर्ते असेच कोरडे पडून काम सोडून गेले. प्रभूने रानातली फुले न्याहाळायला सांगितले (लूक 12:27), ते चिंता करणाऱ्या माणसांनाच सांगितले. पंधरा मिनिटे एखाद्या पानाच्या शिरा न्याहाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या बाळाचा चेहराही न्याहाळू शकतो. पौलाने तरुण तीमथ्याला आपल्या ठायी असलेल्या कृपादानाची हयगय करू नको आणि त्याचा अभ्यास ठेव असे सांगितले (1 तीमथ्य 4:14-15). तीमथ्यही कामात बुडालेलाच सेवक होता.

चर्चेसाठी प्रश्न

1. तुमच्या मंडळीत हाताचे कोणते कौशल्य असलेली माणसे आहेत? त्यांतल्या कोणाचा हात थांबला आहे, आणि का?

2. बसालेलाच्या नेमणुकीनंतर शब्बाथाची आज्ञा आणि त्यानंतर सोन्याचे वासरू येते. या क्रमातून सेवा करणाऱ्याने काय शिकावे?

3. फोन्सेकाच्या चित्रांना विरोध का झाला असावा? तुमच्या चर्चमधल्या चित्रांतली माणसे कोणासारखी दिसतात? वाडीवरचे मूल त्यांत स्वतःला पाहू शकेल काय?

4. आपण आदिवासी बांधवांना काय देतो याची यादी आपल्याजवळ आहे. त्यांच्याकडून काय शिकलो याची यादी करता येईल काय?

या आठवड्याचा सराव

सात दिवस, रोज पंधरा मिनिटे, स्वतःच्या घरातली एकच वस्तू काढा : तांब्या, विळी, चप्पल, काहीही. सातही चित्रे जपून ठेवा. सातव्या दिवशी पहिल्या चित्राशेजारी सातवे ठेवून पाहा आणि काय दिसू लागले ते दोन ओळींत लिहा.

प्रार्थना

हे सृष्टिकर्त्या देवा, तू मातीला आकार दिलास आणि ते चांगले आहे असे पाहिलेस. आमच्या हातांत जे ठेवले आहेस ते आम्ही पुरून ठेवू नये असे कर. मावळातल्या वाड्यांवरच्या तुझ्या लेकरांना भाकरी, जमीन आणि शाळा मिळो, आणि कोरा कागदही मिळो. आम्हांला पाहणारे डोळे दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.